गाडीच्या रिव्हर्स लाईट आणि इंडिकेटरला एलईडी बल्ब: आधी रिव्हर्स करा, मग जमलं तर इंडिकेटर

एलईडी म्हटलं की सगळे आधी हेडलाईटकडे धावतात आणि मग समोरून येणाऱ्यांच्या शिव्या खातात. खरा फायदा कुठे होतो माहितीय का, मागच्या रिव्हर्स लाईटला. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना रिव्हर्स लाईट एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला नुसती पांढरी काच नाहीतर फॉग लॅम्प, कारण कारला एक पुरे असं नियमच म्हणतो. त्यात बल्ब १६ वॅटचा, म्हणजे साधारण ३१० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप), आणि वरून पाच-सात वर्षांत पिवळी पडलेली काच. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये किंवा कोकणात एखाद्या वाडीत रात्री गाडी मागे घ्यायची वेळ आली की आरशात काळोखाशिवाय काही दिसत नाही, आणि कॅमेरा असला तरी त्यालाही उजेड लागतोच ना.

इंडिकेटरचं तसं नाही. तिथे फायदा आहे पण थोडा, आणि डोकेदुखी जास्त. फिलामेंटच्या बल्बला पूर्ण पेटायला साधारण ०.२ सेकंद लागतात, एलईडी लगेच पेटतो, त्यामुळे उघडझाप एकदम कडक दिसते, हे खरंय. पण बऱ्याच वेळा इंडिकेटर फिका दिसतो याचं कारण वेगळंच असतं. पारदर्शक काचेच्या लॅम्पमध्ये जो नारिंगी बल्ब असतो त्याचा रंगाचा थर जुना झाला की उडतो आणि बल्ब पांढुरका मारायला लागतो. अशा वेळी त्याच नंबरचा नवा साधा नारिंगी बल्ब टाका, काम झालं. तो एलईडीच्या चांगल्या जोडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो आणि पुढे सांगितलेली कुठलीच भानगड मागे लागत नाही.

बल्बचा नंबर ओळखा, अंदाजाने घेऊ नका

गाडीच्या मॅन्युअलमध्ये शेवटी-शेवटी बल्बच्या वॅटचा तक्ता असतो तो बघा, पण वॅट कळून भागत नाही, बूड कुठल्या प्रकारचं ते कळायला पाहिजे, म्हणून जुना बल्ब बाहेर काढून त्याच्यावरचा नंबर वाचणं सगळ्यात खात्रीचं. रिव्हर्सला बहुतेक वेळा डब्ल्यू१६डब्ल्यू असतो, याला दुकानात टी१५ म्हणतात, काचेचं चपटं बूड असतं आणि नुसता खेचला की निघतो. काही गाड्यांत पी२१डब्ल्यू असतो, पितळी बुडाचा, दाबून फिरवून काढायचा, दुकानदार याला ११५६ म्हणेल. तसाच काचेच्या बुडाचा २१ वॅटवाला डब्ल्यू२१डब्ल्यू, म्हणजे टी२० किंवा ७४४०, तोही सापडतो.

इंडिकेटरला पीवाय२१डब्ल्यू किंवा डब्ल्यूवाय२१डब्ल्यू. यातला वाय म्हणजे नारिंगी. इथे लोक फसतात, कारण पी२१डब्ल्यू आणि पीवाय२१डब्ल्यू दिसायला सेम, पण पहिल्याच्या बुडाच्या दोन पिना बरोबर समोरासमोर असतात आणि दुसऱ्याच्या थोड्या सरकवलेल्या, १५० अंशांवर. मुद्दाम तशा केल्यात, म्हणजे नारिंगीच्या जागी चुकून पांढरा बल्ब बसू नये. ऑनलाईन मात्र सरसकट ११५६ म्हणून विकतात, मग घरी आल्यावर बसत नाही, आणि लोक कानस घेऊन पिन घासत बसतात. नका करू. पिन घासलेला बल्ब होल्डरमध्ये ढिला बसतो आणि खड्ड्यात चालू-बंद होतो. आणि ब्रेक-टेलचा दोन काँटॅक्टवाला बल्ब (पी२१/५डब्ल्यू किंवा ७४४३) सिंगलच्या जागी घालायचा प्रयत्नही करू नका, काही होल्डरमध्ये सरळ शॉर्ट होतो.

फेंडरवरचा छोटा साईड इंडिकेटर ५ वॅटचा असतो, त्याने फारसा फरक पडत नाही. आरशातला इंडिकेटर असेल तर बहुतेक कंपनीनेच एलईडी दिलेला असतो.

घेताना काय बघायचं

पाकिटावरचा लुमेनचा आकडा विसरून जा. साधा पी२१डब्ल्यू ४६० लुमेन देतो, नारिंगी पीवाय२१डब्ल्यू २८०, डब्ल्यू१६डब्ल्यू ३१०. आता एखाद्या बल्बवर ३००० लुमेन लिहिलंय आणि तो १३ व्होल्टवर ०.३ अँपिअर खातोय म्हणजे जेमतेम ४ वॅट, तर वॅटला शंभरेक लुमेन धरले तरी ४०० च्या पुढे जात नाही. बाकीचे २६०० पाकिटावरच राहिले. ४०० खरे मिळाले तरी रिव्हर्सला मस्त झालं की. आपल्याला तेवढेच पाहिजेत.

दुसरं, चिप, म्हणजे एलईडीचे पेटणारे पिवळे ठिपके, कुठे आहेत ते बघा. टेललाईटच्या आतली चमकदार वाटी फिलामेंटच्या जागेवरून चहूकडे पडणारा प्रकाश पकडून मागे फेकायला बनवलेली असते. ज्या एलईडीला फक्त टोकाला चिप आहे तो मधोमध एक चमकता ठिपका दाखवतो आणि बाकी वाटी काळीच राहते. म्हणून चारी बाजूंना चिप असलेला, आणि त्या चिपा जुन्या बल्बच्या फिलामेंटच्या उंचीला येतील असा घ्या. लांबी पण मोजा, टी१५ चे बरेच एलईडी मूळ बल्बपेक्षा लांब असतात आणि होल्डरच्या भोकातून आत जातात पण वाटीला टेकतात.

वजनही सांगतं बरंच काही. अॅल्युमिनियमचं अंग असलेला, हातात थोडा जड लागणारा बल्ब उष्णता बाहेर टाकतो. नुसत्या प्लास्टिकच्या नळीवर चिपा चिकटवलेला सुरुवातीला भारी वाटतो आणि पाच मिनिटांत मंद होतो.

फिलिप्स, ओसराम वगैरेंचे महाग पडतात पण जोडीतले दोन्ही बल्ब एका रंगाचे निघतात हा मोठा गुण. दुकानातूनच घ्यायचे असतील तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, आणि इंडिकेटरला लागणारा रेझिस्टर (करंट खाणारा भाग) आणि मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) यांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली. जुना बल्ब खिशात घेऊन जा आणि दुकानातच १२ व्होल्टवर पेटवून दाखवायला सांगा.

रंगाचं म्हणाल तर रिव्हर्सला पांढराच, आणि ६००० केल्विनच्या (हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका रंग निळसर) वर अजिबात नको, निळसर प्रकाश ओल्या डांबरावर पसरल्यासारखा होतो आणि खड्डा दिसतच नाही. ४३०० ते ५००० मिळाला तर तोच घ्या. इंडिकेटरला नारिंगीच, मग काच नारिंगी असली तरी. नारिंगी काचेमागे पांढरा एलईडी टाकला तर रंग फिक्या लिंबासारखा येतो आणि उन्हात काही दिसत नाही. एरवी पांढरा आणि वळताना नारिंगी होणारे जे बल्ब मिळतात ते मला तरी पटत नाहीत, उन्हात समोरच्याला पांढरा कुठला आणि नारिंगी कुठला तेच कळत नाही. मागे लाल उघडझाप तर नकोच, मागचा इंडिकेटर नारिंगी असा नियम आहे.

टेललाईट उघडणं

हॅचबॅकमध्ये बहुतेक वेळा डिक्की उघडली की टेललाईटच्या आतल्या कडेला दोन बोल्ट किंवा स्क्रू दिसतात, १० नंबरचा पाना नाहीतर फुली स्क्रूड्रायव्हर. ते काढायचे आणि लॅम्प सरळ मागे खेचायचा. बाजूला नाही, सरळ मागे, कारण बाहेरच्या कडेला प्लास्टिकच्या खुंट्या रबरात घुसलेल्या असतात आणि तिरकं ओढलं की खुंटी तुटते. घट्ट असेल तर एक हात आतून लावून हळूहळू हलवत काढा, आणि कडेच्या पत्र्याला आधी मास्किंग टेप लावून ठेवा, रंग वाचतो. सेदानमध्ये डिक्कीच्या आतून, अस्तर बाजूला करून हात घालावा लागतो, काहींना त्यासाठी झाकण दिलेलं असतं. पुढचा इंडिकेटर बोनेट उघडून हेडलाईटच्या मागून, आणि काही गाड्यांत जागा इतकी कमी की चाकाच्या आतलं प्लास्टिक थोडं सोडवावं लागतं. तुमच्या गाडीला तसं असेल तर पुढचं काम गॅरेजवाल्याला द्या सरळ.

इग्निशन बंद, लाईट बंद, आणि बल्ब तापलेला नसावा. नुसता बल्ब बदलायला बॅटरी काढायची गरज नाही, उगाच घड्याळ आणि काचांचं सेटिंग जातं. वायर कापायची असेल तेव्हा मात्र निगेटिव्ह काढा.

होल्डर पाव आटा डावीकडे फिरवला की निघतो. निघाल्यावर त्याचं रबरी वायसर बघा, कडक झालेलं किंवा चिरलेलं असेल तर बदला, कारण पावसाळ्यात टेललाईटमध्ये पाणी शिरतं ते इथूनच. काँटॅक्टवर हिरवट गंज दिसला तर काँटॅक्ट क्लीनर मारून साफ करा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना हा हिरवा गंज हमखास सापडणार.

रिव्हर्स: वीस मिनिटांचं काम

जुना काढा, नवा घाला, एवढंच. गिअरच्या स्विचवरून वायर येते आणि बल्ब पेटतो, मध्ये फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा डबा) वगैरे काही नाही. बसवून लॅम्प परत बंद करायच्या आधी टेस्ट करा: हँडब्रेक ओढा, इंजिन बंद, इग्निशन ऑन, रिव्हर्स गिअर टाका. ऑटोमॅटिकला ब्रेकवर पाय ठेवावा लागेल, तेव्हा कोणाला तरी मागे बघायला सांगा, पण गाडीच्या अगदी पाठीमागे नको, बाजूला उभं राहून.

पेटला नाही तर घाबरू नका, काचेच्या बुडाचा एलईडी उलटा बसला की पेटत नाही, काढून अर्धा फिरवा आणि परत घाला. पितळी बुडाच्याला ही अडचण नसते, त्याचं अंगच अर्थ, म्हणजे निगेटिव्हचा जोड, असतं. ढिला वाटला तर होल्डरच्या पत्र्या बारीक चिमट्याने किंचित आत दाबा. उलटही होतं, काही एलईडीचं बूड जाड असतं आणि ते पत्र्या कायमच्या फाकवतं, मग पुढे साधा बल्ब घातला की तो डुगडुगतो, म्हणून जबरदस्तीने कोंबू नका.

आता सलग दहा मिनिटं चालू ठेवा. सुरुवातीला आणि दहा मिनिटांनी भिंतीवरचा उजेड सारखाच दिसला पाहिजे. मोबाईलवर एकाच सेटिंगला दोन फोटो काढले तर फरक लगेच कळतो. बाहेरून बसवलेला रिव्हर्स कॅमेरा असेल तर स्क्रीनवर पट्टे किंवा थरथर येते का तेही बघा, अशा कॅमेऱ्याला करंट बहुतेक वेळा रिव्हर्स लाईटच्याच वायरवरून दिलेला असतो आणि हलका एलईडी त्यात गोंधळ घालतो. पट्टे आले तर बल्ब परत करा.

स्कोडा, फोक्सवॅगनसारख्या गाड्या इग्निशन ऑन केल्यावर बल्ब शाबूत आहे का ते बारीक करंट सोडून तपासतात. तिथे एलईडी क्षणभर लुकलुकतो किंवा डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते. यांना कॅनबस लिहिलेला बल्ब लागतो, म्हणजे आतच रेझिस्टर घातलेला. मारुती-ह्युंदाईच्या बहुतेक छोट्या गाड्यांना रिव्हर्ससाठी त्याची गरज पडत नाही, उगाच जास्त तापणारा बल्ब कशाला घ्यायचा.

इथे थांबलात तरी चालेल. खरंच. पुढचं वाचून ठरवा.

इंडिकेटर: फास्ट का मारतो

एलईडी टाकला की इंडिकेटर दुप्पट वेगाने टकटकायला लागतो. गाडी बिघडलेली नसते. साधा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर, पुढचा-मागचा आणि साईडचा मिळून एका बाजूला जवळपास ४ अँपिअर. एलईडी त्यातला किरकोळ हिस्सा खातो, मग फ्लॅशरला वाटतं बल्ब उडालाय आणि तो तुम्हाला कळावं म्हणून जोरात मारतो. नियमात वेग मिनिटाला ६० ते १२० उघडझापांचा आहे. १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा, १२० च्या वर गेलं तर ते तसंच ठेवून फिरायचं नाही.

उपाय कुठला करायचा हे गाडीत वेगळा फ्लॅशर आहे की नाही यावर. जुनी मारुती ८००, ओम्नी वगैरेंना तो सुटा असतो. हॅझार्ड चालू करून डॅशबोर्डखाली कान लावा, टकटक जिथून येते तिथे हात घाला, छोटा डबा बोटांना हलताना जाणवतो. तो काढून एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घालायचा, हाच सगळ्यात स्वच्छ उपाय, वायर कापायची नाही, काही तापत नाही. फक्त पिनांचा क्रम जुळवा: बी म्हणजे बॅटरी, एल म्हणजे लोड, ई म्हणजे अर्थ. काही फ्लॅशरमध्ये बी आणि एल उलटसुलट असतात, म्हणून सॉकेटवर मल्टीमीटर लावून कुठल्या पिनला कायम १२ व्होल्ट येतात ते बघूनच घाला. जुना दोन पिनांचा असेल तर तिसरी अर्थची वायर जवळच्या बोल्टला वेगळी द्यावी लागते.

नव्या गाड्यांत फ्लॅशर सुटा नसतो, सगळं बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्ये, म्हणजे लाईट वगैरे सांभाळणाऱ्या गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, असतं आणि टकटक आवाजही बऱ्याचदा मीटरच्या आतून काढलेला असतो. तिथे कान लावून उपयोग नाही. काही गाड्यांना, मुख्यतः फोक्सवॅगन गटाच्या, कोडिंग करून, म्हणजे त्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून, बल्ब तपासणं बंद करता येतं. बाकीच्यांना रेझिस्टर.

रेझिस्टर ६ ओहम, ५० वॅटचा, सोनेरी अॅल्युमिनियमच्या डब्यातला. ६ च का, तर २१ वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स पेटलेला असताना १२ गुणिले १२ भागिले २१, म्हणजे ६.९ च्या आसपास येतो. एका एलईडी बल्बला एक. दोन बल्बांत एक टाकून भागवायला गेलात तर फ्लॅशरला एक बल्ब उडाल्यासारखंच दिसतं आणि तो परत फास्ट मारतो. जोडायचा बल्बला समांतर: एक टोक इंडिकेटरच्या पॉझिटिव्हला, दुसरं अर्थला. त्याला उलट-सुलट नसतं, पण बल्बच्या वाटेत, सिरीजमध्ये घातलात तर उपयोग शून्य. पॉझिटिव्ह वायर शोधायला मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी टोचणी बोल्टला, हॅझार्ड चालू, ज्या वायरवर आकडा शून्य-बारा-शून्य असा नाचतो ती तुमची.

आता तापण्याचं बघा. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरा, तर हा रेझिस्टर पेटलेल्या क्षणी ३२ वॅटच्या पुढे जातो. उघडझाप असल्याने सरासरी निम्मी, तरी बंद कोपऱ्यात ठेवलेलं सोल्डरिंग आयर्नच समजा. सिग्नलला वळताना अर्धा मिनिट चालतो तेव्हा काही होत नाही, पण खंडाळ्याच्या घाटात धुकं लागलं आणि सगळ्यांचं बघून तुम्हीही अर्धा तास हॅझार्ड लावून बसलात की तो १०० अंशांच्या वर सहज जातो. म्हणून तो पत्र्यालाच बोल्टने कसायचा, प्लास्टिकला नाही, अस्तराच्या कापडाजवळ नाही, वायरींच्या जुडग्याला तर नाहीच. डबल टेप आणि प्लास्टिकचे झिप टाय वितळतात. पत्र्याला नवं भोक पाडण्यापेक्षा आधीचा बोल्ट किंवा भोक शोधा, पाडलंच तर कडेला अँटी-रस्ट लावा.

जोड कसा मारायचा यावर ऑटो इलेक्ट्रिशियन लोकांची पद्धत वेगळी असते, वायर चाकूने सोलली, पिळ मारला, काळी टेप. ती टेप एका उन्हाळ्यात चिकचिकीत होऊन सुटते. चिमटीचे निळे-लाल टी-टॅप वायरीचे धागे कापतात आणि तिथून पाणी शिरतं. सगळ्यात चांगलं म्हणजे त्याच मापाचं होल्डर-कपलर विकत घेऊन मधला छोटा तुकडा बनवा, म्हणजे गाडीच्या मूळ वायरला हातच लागत नाही आणि वॉरंटीत वाद घालायला सर्व्हिस सेंटरला निमित्त मिळत नाही. ते जमत नसेल तर सोल्डर आणि वरून हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी). फ्यूज आहे तोच राहू द्या.

गंमत बघा, एलईडीने वाचवलेले वॅट आपण परत रेझिस्टरमध्ये जाळतोय. म्हणून नव्या गाडीला इंडिकेटर एलईडी करण्यात बचत वगैरे काही नाही, नुसती कडक उघडझाप मिळते. त्यासाठी एवढं करायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा, मला विचाराल तर नव्या गाडीला नको म्हणेन.

अजून एक. रेझिस्टर, एलईडी फ्लॅशर, कोडिंग, काहीही केलं तरी बल्ब गेल्यावर गाडी तुम्हाला सांगायची बंद होते. एलईडी मेला तरी आत टकटक नेहमीसारखीच चालू. म्हणून महिन्यातून एकदा तरी रात्री भिंतीजवळ गाडी लावून चारी इंडिकेटर डोळ्यांनी बघायचे.

बंद करण्याआधी शेवटची तपासणी

ही दुपारच्या उन्हात करायची. हॅझार्ड लावा आणि गाडीपासून दहा-पंधरा पावलं मागे जा, मग अर्धगोल चालत बाजूला या. इंडिकेटर बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत दिसायला हवा असं मानक आहे, म्हणजे गाडीच्या जवळपास बाजूला पोचेपर्यंत. बाईकवाला तिथेच असतो ना. समोरून झगझगीत आणि बाजूने गायब असेल तर त्या बल्बच्या बाजूच्या चिपा कामाच्या नाहीत, जुना परत घाला. लॅम्प बसवताना बोल्ट हाताने आधी घुसवून मग पाना, जास्त आवळलं की प्लास्टिक तडकतं. मग पाईपने लॅम्पवर पाणी मारा आणि दुसऱ्या दिवशी आत थेंब साचलेत का बघा.

काढलेले जुने बल्ब फेकू नका, कापसात गुंडाळून एका छोट्या डबीत स्क्रूड्रायव्हरसोबत ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा. वाटेत एलईडी गेला तर तोच बल्ब परत घालता येतो, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरवर साधा बल्ब व्यवस्थित चालतो, आणि रेझिस्टर लावलेला असेल तर घरी पोचेपर्यंत चालवून मग रेझिस्टरची वायर सोडवा, दोन्हींचा भार एकत्र जास्त दिवस ठेवू नका.